कोलॉयडल सिल्व्हर: बाटलीवरचे शब्द आणि कातडीवर चढणारा निळा रंग

गेल्या वर्षी मे महिन्यात, भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना बाळीवेशीकडच्या एक मावशी सोलापुरातल्या आमच्या औषधाच्या दुकानात आल्या. जुनं गिऱ्हाईक. थायरॉइडच्या गोळ्या कित्येक वर्षं आमच्याकडूनच नेतात. त्यांनी पिशवीतून गडद काचेची एक बाटली काढून काउंटरवर ठेवली आणि दोन्ही हात पुढं केले. "अण्णा, नखं अशी का दिसायलीत ओ?"

ट्यूबलाइटखाली काही कळेना, म्हणून त्यांना दाराशी उजेडात घेऊन गेलो. नखाच्या मुळाशी जो पांढरा अर्धचंद्र असतो, तो त्यांच्या दोन्ही अंगठ्यांवर निळसर राखाडी झाला होता. दाबला तरी रंग हलेना. बाटलीवर लिहिलं होतं: कोलॉयडल सिल्व्हर, ५०० पीपीएम, प्रतिकारशक्तीसाठी. तीन वर्षं रोज दोन चमचे घेत होत्या. "चांदीच तर आहे की. बाळाला आपण चांदीच्या वाटीतनंच पाजतो," असं त्या म्हणाल्या, आणि त्यांचं म्हणणं मला वेडगळ वाटलं नाही. आपल्याकडे चांदी म्हणजे शुद्ध, थंड, शुभ. म्हणूनच या बाटलीबद्दल शंका यायला उशीर होतो.

तुमच्या घरात अशी बाटली असेल, किंवा कोणी घ्यायला सांगितली असेल, तर खालच्या क्रमानं तपासा. घाई नको. अर्धा तास लागेल.

पहिलं काम: बाटलीवरचे शब्द वाचा

सगळा गोंधळ शब्दांत आहे, म्हणून इथं जरा थांबू.

कोलॉयड हा शब्द थॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानं १८६१ साली वापरात आणला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सरस, खळ. एखाद्या पदार्थाचे अतिशय बारीक कण द्रवात तरंगत राहतात, विरघळतही नाहीत आणि तळाशीही बसत नाहीत, त्याला कोलॉयड म्हणतात. दूध हे घरातलं उदाहरण. चांदीचे असे कण पाण्यात तरंगत असले तर ते खरं कोलॉयडल सिल्व्हर.

बाजारात मात्र या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली, आयनिक सिल्व्हर. यात चांदीचे कण नसतात, विद्युतभारित अणू म्हणजे आयन असतात, आणि ते पाण्यात मिठासारखे पूर्ण विरघळलेले असतात. दिसायला हे साध्या पाण्यासारखं स्वच्छ. घरी बॅटरी आणि चांदीच्या तारा वापरून जे पाणी करतात, त्यात मुख्यतः हेच असतं.

दुसरी, कणांचं खरं कोलॉयड. कण बारीक असतील तर रंग पिवळा, चहाच्या कोऱ्या पाण्यासारखा. ते कण निळा-जांभळा प्रकाश शोषून घेतात, म्हणून आपल्याला पिवळं दिसतं. "नॅनो सिल्व्हर" म्हणतात तेही हेच. कण १०० नॅनोमीटरपेक्षा लहान आहेत, इतकाच त्या शब्दाचा अर्थ. तो दर्जाचा शिक्का नव्हे.

तिसरी, सिल्व्हर प्रोटीन. चांदीचे कण खाली बसू नयेत म्हणून जिलेटिनसारख्या प्रथिनाचा आधार देतात. रंग गडद तपकिरी, जवळजवळ काळा. बाटली हलवली की फेस येतो आणि बराच वेळ टिकतो. पीपीएमचा आकडा मोठा असला तर बहुधा हा प्रकार निघतो. १९०२ साली अमेरिकेत अल्बर्ट बार्न्स यांनी बाजारात आणलेलं आर्जिरॉल हे याच कुळातलं. अँटिबायोटिक येण्याआधीच्या काळात डोळ्यांत आणि नाकात घालायला ते सर्रास वापरलं जाई. मावशींची बाटली मी हलवून पाहिली. फेस आला आणि बसेना.

याशिवाय लेबलवर "हायड्रोसोल", "ऑलिगोडायनॅमिक", "मोनोअ‍ॅटॉमिक" असे शब्द दिसतील. हायड्रोसोल म्हणजे पाण्यातलं कोलॉयड. ऑलिगोडायनॅमिक म्हणजे अगदी थोड्या प्रमाणातही जंतूंवर परिणाम करणारं. चांदीचा हा गुण खरा आहे, पण तो भांड्यातल्या आणि जखमेवरच्या जंतूंपुरता. पिऊन शरीरातला आजार बरा होतो असा त्याचा अर्थ होत नाही. "मोनोअ‍ॅटॉमिक" म्हणजे एकएकटे अणू, आणि हा शब्द मला सरळ फसवा वाटतो. चांदीचे सुटे अणू पाण्यात तसे टिकत नाहीत. ते एकत्र येऊन कण होतात किंवा आयन होतात.

आता आजाराचा शब्द. चांदी साठून कातडी निळसर-राखाडी होते त्याला आर्जिरिया म्हणतात. ग्रीकमध्ये आर्गिरोस म्हणजे चांदी. आपला "रजत" आणि पांढरा या अर्थाचा "अर्जुन" हे त्याच कुळातले शब्द. हाच रंग डोळ्यांत उतरला की त्याला बहुधा आर्जिरोसिस म्हणतात.

दुसरं काम: पीपीएमचा हिशेब मांडा

पीपीएम म्हणजे एक लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम चांदी. ५०० पीपीएम म्हणजे लिटरला ५०० मिलिग्रॅम, मिलिलिटरला अर्धा मिलिग्रॅम. चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा धरला तर दोन चमच्यांत ५ मिलिग्रॅम चांदी जाते.

हे जास्त की कमी? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं तोंडावाटे जाणाऱ्या चांदीसाठी रोजची सुरक्षित मर्यादा ठरवली आहे: वजनाच्या दर किलोमागे ५ मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ३०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.३ मिलिग्रॅम. मावशी घेत होत्या ५ मिलिग्रॅम, म्हणजे सोळा-सतरा पट. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला जास्तीत जास्त ०.१ मिलिग्रॅम चांदी चालते. त्यांच्या बाटलीतलं पाणी त्याच्या पाच हजार पट होतं.

मी कागदावर तीन वर्षांचा गुणाकार केला. साडेपाच ग्रॅमच्या जवळ आला. हलक्या जोडव्यांच्या एका जोडीइतकी चांदी. मावशींनी तो आकडा बोटानं दोनदा गिरवला आणि गप्प बसल्या.

गिळलेली चांदी सगळीच अंगात राहत नाही. बरीचशी शौचावाटे निघून जाते, थोडा भाग रक्तात शिरतो. पण रोज थोडी थोडी मागं राहते आणि साठत जाते. सुरक्षित मर्यादेच्या त्या आकड्यामागं १९३५ सालची जुनी नोंद आहे. तेव्हा शिरेतून चांदीयुक्त औषध दिलेल्या रुग्णांची माहिती गोळा झाली होती, आणि त्यांतल्या काहींना एकूण साधारण एका ग्रॅम चांदीनंही रंग चढलेला दिसला. कोणाला किती चांदीनं रंग चढेल हे सारखं नसतं. म्हणून "शेजारचे काका पाच वर्षं घेतात, त्यांना काही झालं नाही" या बोलण्यावर विसंबू नका.

घरी केलेल्या चांदीच्या पाण्याचा तर हिशेबच मांडता येत नाही. तारा किती वेळ ठेवल्या, बॅटरी किती ताकदीची होती, पाणी कसलं होतं, यावर प्रमाण दर वेळी बदलतं. अमेरिकेत माँटाना राज्यातल्या स्टॅन जोन्स या राजकीय उमेदवारानं २००० सालच्या संगणक-गोंधळाच्या भीतीनं, अँटिबायोटिक मिळणार नाहीत म्हणून, घरीच असं पाणी करून प्यायला सुरुवात केली होती. २००२ साली ते सिनेटच्या निवडणुकीला उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा निळसर-राखाडी झालेला होता.

रंग चढतो कसा

डी. फार्मला असताना प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब माझ्या तर्जनीवर सांडला. पाण्यासारखा थेंब, पुसून टाकला, काही दिसलं नाही. दुपारी भर उन्हात सायकलवरून घरी आलो. संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा बोटावर तपकिरी-काळा डाग होता. आईनं लिंबू घासलं, राखेनं घासलं. गेला नाही. वरची कातडी निघून गेली तेव्हाच, दहा-बारा दिवसांनी, तो गेला.

आर्जिरियात हेच घडतं, फक्त आतून. जुने फोटोग्राफर ज्या गुणाच्या जोरावर फोटो काढत, तोच हा गुण: चांदीच्या क्षारावर उजेड पडला की आतली चांदी धातू होऊन काळी पडते.

पोटातलं आम्ल चांदीच्या कणांतून आयन सोडवतं. ते आयन रक्तात येऊन गंधकयुक्त प्रथिनांना चिकटतात आणि सगळ्या अंगभर फिरतात. कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांपाशी आले की वरून उजेड मिळतो आणि आयनांची पुन्हा धातूची चांदी होते. मग तिचा संयोग गंधकाशी आणि सेलेनियमशी होतो आणि पाण्यात जवळजवळ न विरघळणारे कण तयार होतात. पैंजण काळे पडतात त्यामागंही गंधकच असतो. पैंजण चिंच लावून घासता येतात. हे कण मात्र कातडीच्या खालच्या थरात, घामाच्या ग्रंथींभोवती जाऊन बसतात. माझ्या बोटावरचा डाग वरच्या मेलेल्या थरात होता, म्हणून झडून गेला. खालचा थर झडत नाही. त्यामुळं आर्जिरिया आपोआप जात नाही.

उजेडाचा हात असल्यानं रंग सगळीकडं सारखा चढत नाही. कपाळ, नाक, गाल, मान, हाताचे पंजे आधी गडद होतात. झाकलेलं अंग मागं राहतं. सोलापुरात उन्हाळ्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसपर्यंत जातो आणि वर्षातले बहुतेक दिवस लख्ख ऊन असतं, ही गोष्ट इथं महत्त्वाची आहे.

आता विक्रेत्यांचा नेहमीचा दावा: "खऱ्या कोलॉयडनं निळं होत नाही, आयनिक आणि प्रोटीनवाल्यानंच होतं." २०१२ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी हाच रासायनिक प्रवास पायरीपायरीनं प्रयोगशाळेत करून दाखवला. कण जठराच्या आम्लात आयन सोडतात, आणि पुढं उजेडात पुन्हा कण होतात. म्हणजे बाटलीत चांदी कोणत्या रूपात होती याला पोटात गेल्यावर फारसं महत्त्व उरत नाही. किती गेली, किती दिवस गेली आणि ऊन किती लागलं, या तीन गोष्टी पाहायच्या.

तिसरं काम: अंग तपासा, दिवसा, खिडकीपाशी

पिवळ्या दिव्याखाली किंवा ट्यूबलाइटखाली तपासू नका. सकाळी खिडकीपाशी बसा, मांडीवर पांढरा कागद ठेवा आणि त्यावर हात ठेवा.

आधी ज्या जागी रंग दिसतो ती पाण्यानं आणि साबणानं धुवा, मग स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. आपल्या गावात हे आवर्जून करा. रंगाऱ्याकडं सूत रंगवणाऱ्यांचे हात निळे-काळे असतात, विड्या वळणाऱ्या बायकांची बोटं तंबाखूनं तपकिरी होतात. बोळ्याला रंग लागला तर तो बाहेरचा.

मग नखांचे अर्धचंद्र बघा, मुख्यतः अंगठ्यांचे. मग आरशात हिरड्या आणि डोळ्यांतला पांढरा भाग बघा. हिरड्यांवर रंग बऱ्याचदा लवकर दिसतो, पण मिश्री लावणाऱ्यांच्या आणि तंबाखू खाणाऱ्यांच्या हिरड्या तशाही काळपट असतात, त्यांनी हिरड्यांवरून निष्कर्ष काढू नये. शेवटी कपाळाचा रंग आणि बाहीखालच्या दंडाचा रंग शेजारी ठेवून बघा. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर आर्जिरिया निळा कमी आणि राखेसारखा जास्त दिसतो. "उन्हानं रापलंय" म्हणून घरचे सोडून देतात. रापलेली कातडी तपकिरी होते, करडी होत नाही.

एक पारदर्शक काचेचा पेला त्या जागी दाबा. रक्ताचा रंग दाबल्यावर फिका पडतो. चांदीचा पडत नाही.

निळं म्हणजे चांदीच असं नाही

हे आधी वाचून घ्या, कारण इथं वेळ दवडला तर जीवावर बेतू शकतं. ओठ आणि जीभ अचानक निळी पडली, धाप लागली, छातीत दुखलं, ग्लानी आली, तर तो आर्जिरिया समजून घरी बसू नका. रक्तात प्राणवायू कमी पडल्याची ती खूण असते. १०८ ला फोन करा. आर्जिरिया महिनोन्‌महिने हळूहळू येतो आणि त्यानं दम लागत नाही.

दुसरं एक कारण मेथहिमोग्लोबिनचं. यात रक्ताचाच रंग चॉकलेटी होतो आणि माणूस निळा-करडा दिसतो. कुष्ठरोगासाठीच्या डॅप्सोनसारखी औषधं आणि पाण्यातलं जास्त नायट्रेट यामुळं हे होतं. बाटलीनं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना विहिरी-बोअरच्या नायट्रेटवाल्या पाण्याचा धोका विशेष. हेही तातडीचं.

हळू येणाऱ्या रंगात औषधांचा मोठा वाटा असतो: हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडेरोन, मुरुमांसाठीचं मिनोसायक्लिन, संधिवातासाठीचं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, मानसिक आजारासाठीचं क्लोरप्रोमेझिन. कुष्ठरोगासाठीच्या क्लोफॅझिमिननं कातडी लालसर-काळपट होते. गोरेपणासाठी हायड्रोक्विनोनची मलमं वर्षानुवर्षं चोळली तर गालांवर निळसर-काळे डाग पडतात. यातलं कुठलंही डॉक्टरांनी दिलेलं औषध स्वतःच्या मनानं बंद करू नका. अमिओडेरोन अचानक थांबवणं निळ्या कपाळापेक्षा कितीतरी वाईट.

चांदीचा डाग एकाच जागी, छोटासा, निळा ठिपका असाही असतो. सराफी कामात चांदीचे बारीक कण कातडीत रुतल्यानं किंवा कानाच्या पाळीत चांदीचा तुकडा अडकून राहिल्यानं असं होतं. त्याची काळजी नको, पण चामखीळ-तिळासारखा वाढत असेल तर एकदा दाखवून घ्या.

आर्जिरिया वाटत असेल तर

बाटली त्याच दिवशी बंद करा. हळूहळू सोडायची गरज नाही, तिची सवय लागत नाही. पण फेकू नका. लेबलसकट ती डॉक्टरांना दाखवायची आहे.

एका कागदावर लिहून काढा: कधीपासून, किती चमचे, किती पीपीएम, मध्ये किती दिवस बंद होती, आणि दुसरी कोणती औषधं चालू आहेत. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. चांदीमुळं थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, आणि काही अँटिबायोटिक, म्हणजे टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली, नीट शोषली न जाण्याची शक्यता असते. मावशींचा टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा, वाढलेला होता, गोळीची ताकद वाढवूनही उतरत नव्हता. गोळी आणि चांदी त्या सकाळी उपाशीपोटी एकामागोमाग घेत होत्या. चांदीबद्दल त्यांनी डॉक्टरांना कधी सांगितलंच नव्हतं, कारण ते औषध आहे असं त्यांना वाटलं नव्हतं.

मग त्वचारोगतज्ज्ञांकडं जा. खर्चाची अडचण असेल तर सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, केसपेपर काढून त्वचा विभागात दाखवा. रक्तात किंवा लघवीत चांदीचं प्रमाण मोजता येतं. नक्की करायचं असेल तर कातडीचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, घामाच्या ग्रंथींभोवती काळे-तपकिरी कण दिसतात.

उपचाराबद्दल स्पष्ट सांगतो. अंगातली चांदी बाहेर काढणारं खात्रीचं औषध नाही. "डिटॉक्स"च्या नावानं काढे, पावडरी, पायाला लावायच्या पट्ट्या विकतात, त्यावर पैसा घालवू नका. ब्लीचनं काही होत नाही, कारण रंग खालच्या थरात आहे. १०६४ नॅनोमीटरच्या क्यू-स्विच्ड लेझरनं बऱ्याच रुग्णांचा चेहरा उजळल्याच्या नोंदी आहेत. पण ते दुखतं, महाग पडतं आणि एका वेळी थोडाच भाग करता येतो. तज्ज्ञाशी बोलून ठरवा.

जे आपल्या हातात आहे ते उन्हापासून जपणं. अकरा ते चार बाहेर पडणं टाळा. पडलात तर रुंद काठाची टोपी किंवा पदर, पूर्ण बाह्या, आणि एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन दर दोन-तीन तासांनी. यानं चढलेला रंग उतरत नाही, पण आणखी गडद होणं कमी होतं.

कोणत्या चांदीला घाबरायचं नाही

भाजल्यावर डॉक्टर जे सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम देतात ते खरं औषध आहे. ठरावीक दिवस, जखमेपुरतं लावायचं, ते कपाटातून फेकू नका. चांदीच्या वाटीतून बाळाला पाजण्यानंही बाळ निळं होत नाही, धातूची चांदी पाण्यात-दुधात जेमतेम विरघळते. सणावाराला बर्फीवरचा वर्ख खाल्ला तर त्यातली चांदी अगदी थोडी असते. रौप्यभस्म मात्र वैद्यांच्या देखरेखीशिवाय, जाहिरात वाचून, महिनोन्‌महिने घेऊ नका.

पिण्याच्या कोलॉयडल सिल्व्हरबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९९९ सालीच नियम काढला, की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकलेल्या अशा औषधांना सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाही. आपल्याकडं मधुमेह, कर्करोग असे आजार बरे करण्याची जाहिरात करणं १९५४ च्या औषधी व चमत्कारी उपाय कायद्यानं गुन्हा आहे. बाटलीवर किंवा तिच्या पत्रकावर असा दावा दिसला तर फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार द्या. बिल असेल तर जोडा.

आणि नखांचा फोटो काढून ठेवा: महिन्यातून एकदा, त्याच खिडकीत, त्याच वेळी, हाताखाली तोच पांढरा कागद. रोज बघताना फरक कळत नाही. मावशींच्या मोबाइलमध्ये आता असे बरेच फोटो जमलेत. पहिला आणि शेवटचा शेजारी ठेवला तर अर्धचंद्र फिका झालेला नाही, पण गडदही झालेला नाही. टीएसएच उतरला आहे, आणि दर महिन्याला गोळ्या न्यायला येतात तेव्हा त्या आधी फोन पुढं करतात.